केसपेपर : रोग्याची ठेव



आजच्या व्याख्यानासाठी मी रोग्याच्या कागदपत्रांचा विषय निवडला आहे.

रायपुरातील आपल्या कितीतरी घरांतून पुढील उपचारासाठी नागपूरची वाट धरली जाते. अशा वेळी जुने कागद हाताशी नसले, तर तपासण्या नव्याने कराव्या लागतात. पैसा तर जातोच, पण त्याहून मोलाचा वेळ जातो. तरीही कागद मागण्याचा आपल्याला संकोच वाटतो. त्याचे कारण नाही. गुप्ततेच्या सबबीवर रोग्याला केसपेपरची प्रत नाकारता येणार नाही, असा निर्वाळा मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ सालीच दिला आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार, दाखल झालेल्या रोग्याची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपावी लागतात. रोग्याने अथवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागितल्यास ती ७२ तासांच्या आत द्यावी लागतात. मागणी लेखी करावी, तिची पोच घ्यावी आणि घरीही एक फाईल ठेवावी.

दुसरी बाजू अधिक नाजूक आहे. जे कागद रोग्याला तत्परतेने द्यावयाचे, ते इतरांच्या हाती पडू द्यावयाचे नाहीत. रोग्याच्या घरातील गोष्टी बाहेर बोलू नयेत, असे चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्याला बजावले आहे. आजचे विनियमही तेच सांगतात. न्यायालयाचा आदेश, विशिष्ट व्यक्तीला वा समाजाला गंभीर धोका आणि कायद्याने कळवावयाचे रोग, एवढेच त्यांत अपवाद आहेत.

परप्रांतात वसलेल्या आपल्या लहानशा समाजाला हे पथ्य अवघड जाते. येथे डॉक्टर हा गणेशोत्सवातील सहकारी असतो, कोणाचा मामा, कोणाचा मेहुणा असतो. त्यामुळे, “अमक्यांच्या मुलीच्या रिपोर्टात काय आले हो?” हे आपुलकीनेच विचारले जाते. सिकलसेलचेच पाहा. छत्तीसगडात आणि विदर्भात हा रक्तदोष बराच आढळतो. निव्वळ वाहक असलेली व्यक्ती बहुधा धडधाकट असते; पती-पत्नी दोघेही वाहक असले, तर मात्र प्रत्येक अपत्याला रोग होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून विवाहापूर्वी दोन्हीकडून तपासणी व्हावी आणि वधूवरांनी निष्कर्ष एकमेकांना मोकळेपणी सांगावा. ती गोष्ट त्यांच्याच तोंडची आहे. ती तिसऱ्याने पसरवली, तर निरोगी मुलीचे स्थळ मोडते आणि तिच्या मैत्रिणी तपासणीला येईनाशा होतात.

आता नोंदी मोबाईलवर आल्या आहेत. १४ अंकी आभा क्रमांकाशी जोडलेल्या नोंदी दुसऱ्या डॉक्टरला दाखवण्यापूर्वी रोग्याची संमती घेतली जाते. पण आजोबांच्या रिपोर्टाचे छायाचित्र नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप समूहावर टाकताना आपण आजोबांना विचारतो काय?

पूर्वी यात्रेला निघालेला माणूस विश्वासाच्या घरी ठेव ठेवून जाई. ती मालकाने मागताच परत करावयाची आणि इतरांपुढे उघडावयाची नाही, हा शिरस्ता सर्वांना ठाऊक होता. केसपेपर ही तशीच ठेव आहे. ती सांभाळण्यात डॉक्टरांइतकाच आप्तस्वकीयांचाही वाटा आहे, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.