मोहन बागान आणि त्याचे प्रेक्षक

कोलकात्याचा मोहन बागान संघ १८८९ साली स्थापन झाला. २९ जुलै १९११ रोजी त्याने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्या संघास २-१ असे नमवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली. अकरांपैकी दहा खेळाडू अनवाणी होते. हा पराक्रम सर्वश्रुत आहे. मला बोलावयाचे आहे ते प्रेक्षकांविषयी. त्या दिवशी मैदानाभोवती माणसे अमाप आणि आसने थोडी. मागे राहिलेल्यांना गोल कळावेत म्हणून म्हणे पतंग उडविले गेले!

ही निष्ठा पुढे वाढतच गेली. तिच्यासाठी करावयाची व्यवस्था मात्र मागे राहिली. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर ईस्ट बंगालविरुद्धच्या सामन्यात खेळाडूंच्या झटापटीचे पडसाद प्रेक्षकांत उमटले. हाणामारी झाली, चेंगराचेंगरी झाली, आणि १६ जण मृत्युमुखी पडले. सॉल्ट लेकचे विशाल क्रीडांगण खुले झाले ते १९८४ साली.

आपल्या गावी कुस्त्यांच्या मैदानाला परवानगी देताना बाहेर पडण्याच्या वाटा आपण मोजतो काय? कोलकात्यात त्या सोळा जणांच्या स्मरणार्थ १६ ऑगस्टला रक्तदान होते. त्यात दोन्ही संघांचे पाठीराखे असतात.