रात्रीचे तीन, शुगर 48

पनवेलहून बोलतोय. खिडकी बंद केलीये, तरी मागे हायवेचा आवाज येईल, तेवढा सांभाळून घ्या.

मला टाइप वन डायबिटीस आहे, कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून. दिवसा शुगर उतरली की कळतं. हात थरथरतात, घाम फुटतो, उगाच चिडचिड होते. एकदा लोकलमध्ये शेजारच्या काकांनीच विचारलं, "बाळा, बरं वाटत नाहीये का?" रात्री झोपेत हे विचारणार कोण?

झालं असं. रविवारी आम्ही मित्र ठाकूरवाडीतून कलावंतीण दुर्ग चढलो. संध्याकाळी घरी येऊन अंघोळ, वरण-भात, आणि रोजचं तेवढंच इन्सुलिन. अकरा वाजता मीटरवर 96. मी खूश! एकदम नॉर्मल म्हणून झोपलो. तीन वाजता आई पाणी प्यायला उठली, तर माझी उशी घामाने ओली आणि मी काहीतरी असंबद्ध बडबडतोय. बोट टोचलं, 48.

आई घाबरली. साखरेचं पाणी, मग पेढे, मग बिस्किटांचा अख्खा पुडा. सकाळी शुगर 312! तिला काय बोलणार? मुलगा असा दिसल्यावर कुठलीही आई हेच करेल.

डॉक्टरांनी नंतर समजावलं. दिवसभर चढउतार केला की स्नायूंमधला साखरेचा साठा संपतो, आणि तो भरून काढायला ते रात्रभर रक्तातली साखर ओढत राहतात. कधीकधी दुसऱ्या दिवसापर्यंत. वर इन्सुलिन चालूच. म्हणजे ते 96 स्थिर आहे की खाली चाललंय, हे मीटर सांगत नाही. दारूचंही तसंच. लिव्हर दारू निस्तरण्यात गुंततं आणि साखर सोडायचं काम मागे पडतं. पार्टीवाल्यांनी ऐकून ठेवा.

आता माझं ठरलंय. झोपताना 100 च्या खाली असेल तर थोडं खाऊनच झोपायचं. पोळीचा तुकडा, कपभर दूध, एवढंच. ट्रेक किंवा फुटबॉल झाला असेल त्या दिवशी हा आकडा मी आणखी वर धरतो, आणि रात्रीचा डोस किती कमी करायचा ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवतो. हे आकडे माझे आहेत हं, तुमचे तुमच्या डॉक्टरांकडून घ्या.

आणि 70 च्या खाली गेली तर? साधारण 15 ग्रॅम साखर. ग्लुकोज पावडर किंवा साखर तीन चमचे भरून, पाण्यात. मग 15 मिनिटं थांबायचं आणि परत तपासायचं. ही 15 मिनिटं फार जड जातात, अख्खं फ्रिज रिकामं करावंसं वाटतं. चॉकलेट, पेढा नको, त्यातल्या तुपा-तेलामुळे साखर रक्तात हळू जाते. डाएट कोल्ड्रिंकचा तर काहीच उपयोग नाही. शुगर वर आली, की मग थोडं खाऊन झोपायचं. तुमचे आई-बाबा व्होग्लिबोजची गोळी घेत असतील तर घरात ग्लुकोजच ठेवा. त्या गोळीमुळे साधी साखर लवकर पचत नाही.

माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, ठसका लागून श्वास अडकेल. कुशीवर वळवा आणि 108 ला फोन लावा. हे मी घरातल्या सगळ्यांना सांगितलंय, आजीलासुद्धा.

सेन्सरबद्दल बरेच जण विचारतात. दंडावर लावायचा, चौदा दिवस चालतो, शुगर उतरली की फोन वाजतो. चांगला आहे, पण महाग आहे, मी दर वेळी घेत नाही. आणि एक गंमत, त्याच कुशीवर झोपलात तर सेन्सर दाबला जाऊन उगाचच कमी आकडा दाखवतो. म्हणून तो वाजला की कूस बदलायची आणि बोट टोचून खात्री करायची. पण घाम, थरथर असेल तर आधी साखर, खात्री नंतर.

बाकी माझ्या उशाशी एक स्टीलचा डबा असतो. ग्लुकोज, चमचा, मीटर. त्यावर आईने स्केचपेनने लिहिलंय, 'हात लावू नये'. धाकटा भाऊ तरी ग्लुकोज चाटून जातोच. म्हणून झोपायच्या आधी झाकण उघडून बघायची सवय लागलीये.