ठिबकचं अनुदान आणि सातबाऱ्यावरचं नाव

मैत्रिणींनो, भाकरी थापत असाल तर थापत राहा, फक्त कान जरा इकडे असू द्या.

आपल्या माण तालुक्यात पाण्याची किंमत कुणी शिकवायला नको. रात्री लाइट आली की बॅटरी घेऊन दारं धरायला आपणच जातो. पाटपाणी दिलं की पिकाच्या आधी तण वाढतं आणि त्याची खुरपणीही आपल्याच वाट्याला येते. ठिबकवर पाणी थेट मुळाशी जातं. विहीर लवकर तळ गाठत नाही, तण कमी होतं. पाणी वाचावं म्हणूनच सरकार ठिबकला अनुदान देतं.

केंद्राच्या योजनेत दोन हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्याला ५५ टक्के आणि बाकीच्यांना ४५ टक्के मिळतात. मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून राज्य त्यात भर घालतं, म्हणजे ते ८० आणि ७५ टक्क्यांपर्यंत जातं. मात्र ही टक्केवारी सरकारने ठरवलेल्या खर्चावर असते, दुकानदाराच्या बिलावर नव्हे. वरचा फरक आपल्या पदरचा.

आता माझीच गोष्ट सांगते. चार वर्षांमागं आमचे मालक गेले. अर्धा एकर डाळिंब होतं, ठिबक करायचं ठरवलं. कागद घेऊन अर्ज भरायला गेले, तर विचारलं, "सातबारा कुणाच्या नावावर?" सातबारा अजून सासऱ्यांच्या नावावर! त्यांना जाऊन बारा वर्षं झाली होती. त्या बागेत मी वीस वर्षं राबले, पण कागदावर माझा पत्ताच नाही. मग दोघांचे मृत्यूचे दाखले काढले, वारस नोंदीचा अर्ज दिला. सासूबाई, दीर, दोन्ही नणंदा, मी आणि माझी मुलं, सगळ्यांची नावं लागली. नणंदांची कशाला, असं भावकीत कुणी म्हणालंच. मी म्हटलं, त्यांचा हक्क आहे, लागू द्या. त्याच नणंदांनी पुढं मला संमतीपत्रावर सह्या दिल्या. जमीन सामाईक असली की बाकीच्यांची संमती लागते. पण या सगळ्यात एक उन्हाळा गेला आणि चाळीस झाडं वाळली.

दुसरी चूक आमच्या शेजारणीची. तिनं अर्ज केला आणि पूर्वसंमतीपत्र यायच्या आधीच संच आणला. अनुदान बुडालं. म्हणून क्रम ध्यानात ठेवा. महाडीबीटीवर अर्ज करायचा. निवड झाली की कागद द्यायचे. पूर्वसंमती हातात आल्यावरच खरेदी करायची. मग पक्कं बिल द्यायचं आणि शेतावर येऊन तपासणी होते. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. ते खातं कुणाचं? ज्याच्या नावाने अर्ज, त्याचं. म्हणून नावाचं एवढं सांगतेय.

मालक हयात असतील तर काम सोपं आहे. लक्ष्मीमुक्ती म्हणून योजना आहे, शासनाने १९९२ साली त्याचं परिपत्रक काढलं. नवऱ्याने स्वतः अर्ज केला की बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लागतं. त्याचं नाव निघत नाही, तुमचं शेजारी बसतं. घरात हा विषय काढायला जड जातं, मला कळतं. मीही कधी काढला नाही. आज वाटतं, काढायला हवा होता.

तर आज जेवणं झाली की एक काम करा. पेटीतला सातबारा काढा. वाचता येत नसेल तर लेकीला वाचायला सांगा. त्यावर कुणाचं नाव आहे ते बघा. गेलेल्या माणसाचं असेल, तर याच आठवड्यात तलाठी कार्यालयात जाऊन वारस नोंदीचा अर्ज द्या. एकटीला जायला अवघड वाटलं तर दोघी-तिघी मिळून जा.

येते. नमस्कार.