पटावरील युद्ध आणि त्याचे नियम

बुद्धिबळाच्या पटावर रक्त सांडत नाहीं. भांडणें मात्र होतात, आणि तीं बहुधा हारजितीपेक्षां नियमांवरून होतात. छत्रपति संभाजीनगरांतील एका घरीं आजोबा व नातू पट मांडून बसले आहेत, अशी कल्पना करावी. आजोबांचें प्यादें मध्यरेषा ओलांडून पांचव्या ओळींत येऊन ठेपलें होतें. नातवानें शेजारच्या पट्टींतील आपलें प्यादें मूळ घरांतून एकदम दोन घरें सरकवून त्याच्या बगलेस आणून उभें केलें. आजोबांनीं हात धरला. प्यादें एकच घर चालतें! नातू म्हणाला, “आजोबा, मग तुम्ही तें जातां जातां मारा कीं!” बगलेच्या प्याद्यास मारावयाचें आणि जावयाचें मात्र तिरपें रिकाम्या घरांत, हें युद्ध कुठलें? आजोबा पट आवरूं लागले.

वास्तविक दोघेही खरेंच बोलत होते. प्रांतोप्रांतीं थोडाफार भेद असला तरी जुन्या देशी खेळांत प्यादें पहिल्या चालीसही एकच घर जाई. राजास शह बसला नसेल तोंवर एकदां घोड्याप्रमाणें उडी घेतां येई. आणि एकटा राजा उरला कीं बुर्जी होई. युरोपांत डावास लवकर रंग यावा म्हणून प्याद्यास आरंभीं दोन घरांची मुभा मिळाली. पण ती मुभा घाईसाठीं होती, शत्रूच्या माऱ्यांतून निसटण्यासाठीं नव्हे. म्हणून तें एकच घर चाललें असें मानून शत्रूच्या प्याद्यानें त्यास मारावें, आणि तेंही लगेच पुढच्या चालीस; ती चाल दवडली कीं हक्क गेला. राजाच्या उडीची जागा किल्लेकोटानें घेतली. १९२४ सालीं पॅरिस येथें स्थापन झालेली फिडे ही संस्था आज हेच नियम जगभर लावते.

अशा तंट्यांत जवळच्या पैठणचें स्मरण होतें. तेथून काशीस गेलेल्या भट्ट घराण्यांतील नीलकंठभट्टांनीं सतराव्या शतकांत ‘भगवंतभास्कर’ हा बारा मयूखांचा ग्रंथ रचला. त्यांतील व्यवहारमयूखाच्या आधारें इंग्रजी अमदानींत मुंबईच्या न्यायालयांत वारशाचे तंटे तोडले जात. आणि त्याच ग्रंथाच्या नीतिमयूखांत बुद्धिबळाचेंही विवेचन आहे. वारशाचा निर्णय देणाऱ्या पंडितास प्याद्याची चाल क्षुल्लक वाटली नाहीं!

आजोबांनींच शेवटीं तोड काढली. हा डाव जुन्या रीतीनें, पुढचा नव्या. नातवानें प्यादें एक घर मागें घेतलें. लागलीच आजोबांनीं तें तिरपें मारलें. आणि त्यांचें प्यादें ज्या घरीं जाऊन बसलें, तें घर नव्या नियमानेंही तेंच होतें.