ड्रॅगन, तिलिस्म आणि मागे लागणारा नायक

(गेल्या गणेशोत्सवात ‘मी काय वाचतो’ या कार्यक्रमात केलेले भाषण, थोड्या काटछाटीसह.)



माझ्या आधीच्या दोन्ही वक्त्यांनी ज्ञानेश्वरी आणि ‘मृत्युंजय’ यांवर बोलून हा मंच पवित्र करून ठेवला आहे. त्यांच्यानंतर मी ड्रॅगन आणि भुताटकीच्या वाड्यातला प्रियकर घेऊन उभा आहे, तेव्हा माफी आधीच मागतो. मी साहित्याचा माणूस नाही. स्थापत्याचा डिप्लोमा केला, सरकारी बांधकाम खात्यात उपयंत्री म्हणून लागलो, आणि साइटवर मालाचा ट्रक येईपर्यंत जो वेळ जातो त्यात वाचत आलो. सरकारी कामात हा वेळ भरपूर असतो.

अद्भुताची चटक मला आजोबांनी लावली. देवकीनंदन खत्रींची ‘चंद्रकांता’ ते आम्हा नातवंडांना मोठ्याने वाचून दाखवायचे. पुस्तक हिंदी, मधले खुलासे मराठीत, आणि ऐयारांचे आवाज काढताना दोन्हींची खिचडी. आपण इंदूरकर दुसरं काय करणार! पुस्तक १८८८चं. ते वाचायला लोक हिंदी शिकले असं सांगतात. मराठीत तर त्याहून आधीच हळब्यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि पाठोपाठ रिसबुडांची ‘मंजुघोषा’ आली होती. मराठी कादंबरीत अगदी सुरुवातीच्या काळापासूनच राजपुत्र, राजकन्या आणि संकटं आहेत. म्हणून कुणी ‘हल्लीची मुलं काय ते परीकथा वाचतात’ म्हणालं की मला हसू येतं. १९९४ला दूरदर्शनवर ‘चंद्रकांता’ आली तेव्हा क्रूरसिंगाच्या भुवया बघायला घरातले सगळे ज्येष्ठ आमच्या पुढे बसलेले असायचे.

आता माझी लेक. एकोणीस वर्षांची, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. तिने मला रेबेका यारोसची ‘फोर्थ विंग’ दिली, २०२३ची. ड्रॅगनवर स्वार होणाऱ्या सैनिकांचं विद्यालय. पहिल्याच दिवशी मुलांना उंचावरच्या एका अरुंद दगडी पुलावरून चालत जावं लागतं आणि पडेल तो मेला. त्या पुलाचं नाव ‘पॅरापेट’. आता पॅरापेट म्हणजे कठडा, आणि आमच्या खात्यात कठडा माणसं पडू नयेत म्हणून बांधतात! तिथेच पुस्तक मिटणार होतो. पण नायिका आवडली. तिचे सांधे नाजूक, जरा ओढ बसली की निखळतात, आणि ती खोगीर बांधून घेऊन, अक्कल वापरून टिकते. लेखिकेला स्वतःलाही तसाच आजार आहे, म्हणून ते दुखणं खरं वाटतं. राज्यकारभार आणि सरहद्दीवरचं युद्ध मात्र घाईत उरकलेलं. नायकाच्या दंडांचं वर्णन काढलं तर शंभर पानं वाचतील. तरी रात्री दोनपर्यंत जागलो. सौ. साक्षीदार आहे.

मग मी चूक केली. लेकीच्या टेबलावरचं दुसरं पुस्तक न विचारता उचललं. एच. डी. कार्लटनची ‘हॉन्टिंग ॲडलाइन’, २०२१ची. या प्रकाराला डार्क रोमान्स म्हणतात. एका तरुण लेखिकेला आजीचा जुना वाडा मिळतो, आणि एक माणूस तिच्या मागे लागतो. घरात शिरतो, गुलाब ठेवून जातो, तिच्यावर नजर ठेवतो. पुढचं मी या मंचावरून सांगत नाही. हाच माणूस दुसरीकडे बायका-मुलांचा व्यापार करणाऱ्या टोळ्यांचा काळ आहे. म्हणजे एका हाताने पुण्य, म्हणून दुसऱ्या हाताचं पाप माफ. आणि तोच नायक.

पुस्तकाच्या सुरुवातीला इशारा आहे, आत काय काय आहे त्याची यादीच. हे मला प्रामाणिक वाटलं. पण मी रस्त्याचा माणूस. ‘पुढे धोकादायक वळण आहे’ अशी पाटी लावली म्हणून वळण सरळ होत नाही.

माझं स्पष्ट मत असं की अंधार लिहायला काहीच हरकत नाही. महाभारताइतका अंधार कोणी लिहिला? भीष्मांनी अंबेला स्वयंवरातून पळवून आणलं. ती म्हणाली, माझं मन शाल्वावर आहे. त्यांनी तिला जाऊ दिलं, शाल्वाने नाकारलं, आणि ती बाई तो अपमान पुढच्या जन्मापर्यंत घेऊन गेली. व्यासांनी ते सोडून दिलं नाही. डार्क रोमान्समध्ये अंबा तिसऱ्या भागात भीष्मांच्या प्रेमात पडली असती. रुक्मिणीचंही हरणच, पण आधी तिने स्वतः पत्र पाठवलं होतं. सगळा फरक त्या पत्राचा आहे.

हे सगळं मी जेवताना लेकीला ऐकवलं. ती शांतपणे म्हणाली, “बाबा, पुस्तक मिटता येतं. मला हवं तेव्हा मी तो माणूस बंद करते. बाहेर तसं करता येत नाही, म्हणून तर आम्ही वाचतो.”

मी गप्प झालो, कारण मला एक जुनी गोष्ट आठवली. नोकरीला लागलो त्या सुरुवातीच्या वर्षांतली. कार्यालयात एक टंकलेखिका होती. एक माणूस रोज संध्याकाळी फाटकाबाहेर स्कूटर लावून उभा राही आणि बस स्टॉपपर्यंत तिच्या मागे जाई. हे कितीतरी महिने चाललं. आम्ही त्याला ‘हिरो’ म्हणायचो. ‘बिचारा किती प्रेम करतो’ असंही म्हणायचो. मीही हसायचो. एक दिवस तिने बदली मागितली आणि दुसऱ्या गावी निघून गेली. निरोप समारंभात चहा-समोसे झाले, कोणी काही विचारलं नाही. तेव्हा कायद्यात पाठलागाचा वेगळा गुन्हा नव्हता. २०१३मध्ये कलम ३५४-डी आलं, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ आहे. पण बस स्टॉपपर्यंत तिच्यासोबत चालायला कलम लागत नव्हतं.

आणि आम्ही तेव्हा असली एकही कादंबरी वाचली नव्हती. आम्ही सिनेमे पाहिले होते. नकार दिला की गाणं सुरू करायचं आणि मध्यंतरापर्यंत होकार मिळवायचा, हे आम्हाला थिएटरात शिकवलं गेलं होतं, आणि वडीलधाऱ्यांच्या शेजारी बसून.

लेकीला ही गोष्ट सांगितली. तिने विचारलं, “मग तुम्ही काय केलंत?” मी म्हणालो, “काही नाही.” तिने ताट उचललं आणि आत गेली. दोन दिवस माझ्याशी जेमतेम बोलली.

तेव्हा त्या पुस्तकाला बंदी घाला वगैरे सांगायला मी आलेलो नाही, तो अधिकार मला उरलेला नाही. ते मला आवडलं नाही, आणि त्याचा दुसरा भाग मी वाचणार नाही. ‘फोर्थ विंग’चा दुसरा भाग ‘आयर्न फ्लेम’ मात्र खजूरी बाजारातून आणला आहे. बदल्यात मी लेकीला आजोबांची ‘चंद्रकांता’ दिली. मुखपृष्ठ गेलेली, डिंकाने चिकटवलेली. परवा म्हणाली, “बाबा, ऐयार मस्त आहेत, पण ही चंद्रकांता तिलिस्मात अडकून नुसती बसून का राहते?”

आजोबांना हे मी कधी विचारलं नव्हतं. पुढे काय होतं ते तिला सांगितलेलं नाही, ती अजून वाचते आहे.