हात लावणे आणि हात काढणे

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाचा आखडलेला पाय सावकाश सरळ केला तर बराचसा सैल होतो. झटक्याने ओढला तर तोच पाय लाकडासारखा ताठतो. स्नायू जितक्या वेगाने ताणावा तितका तो अडतो. बालफिजिओथेरपीतील हाताचे शिक्षण येथून सुरू होते. मेंदूला इजा का होते, हालचालींच्या क्षमतेच्या पाच पातळ्या कोणत्या, हे श्रोत्यांना ठाऊक आहे असे धरले आहे. (कुजबुज) निदान पहिल्या रांगेला.

या शिक्षणाला घाट दिला बर्टा बोबाथ यांनी. बर्लिनमधील ही व्यायामशिक्षिका नाझी राजवटीमुळे लंडनला आली. तेथे सायमन एल्वेस या चित्रकाराच्या अर्धांगवायूवर उपचार करताना ताठरपणा हाताळणीने कमी होतो, असे तिला दिसले. पती कारेल हे डॉक्टर; त्यांनी त्यामागचे शास्त्र मांडले. खांदा आणि कटी ही हात ठेवण्याची मुख्य ठिकाणे. पकड बोटांच्या टोकांची नव्हे, पसरट तळव्याची.

हे पुस्तकातून येत नाही. विद्यार्थी आधी बाहुलीवर, मग वर्गमित्रावर सराव करतो. पण वर्गमित्राचा पाय आखडलेला नसतो, आणि बाहुली रडत नाही. (हशा) खरे शिक्षण मुलाच्या अंगावर विद्यार्थ्याचा हात आणि त्यावर शिक्षकाचा हात, असे होते.

मालीशवालीचा उल्लेख येथे टाळता येत नाही. पाय लांब करून ती पाटावर बसते, बाळाला पायांवर पालथे घेते, तेल जिरवते, मग उताणे करून त्याचे दोन्ही हात छातीवर फुली करून आणते. खांदे पुढे आले की मान मागे फेकण्याची ओढ कमी होते. थेरपिस्टही खांदे असेच पुढे आणतो. बाळ कडक आहे की लुळे, हे तिच्या तळव्याला लगेच कळते. मात्र ‘अंग मोकळे होऊ दे’ म्हणून तिने आखडलेला पाय खेचला, की सुरुवातीला सांगितलेला लाकडी पाय तयार. कडेवर घेण्याची आपली रीतही अशीच गुणाची. मांड्या एकमेकींवर कात्रीसारख्या चढणाऱ्या मुलाला काखेत धरून उभे उचलले तर कात्री घट्ट होते; गुडघे दुमडून कडेवर घेतले तर मांड्या फाकतात. रोज जितक्या वेळा उचलणे, तितक्या वेळा उपचार, तेही बिनपैशाचे. (टाळ्या) या टाळ्यांनी वेळ बराच खाल्ला आहे.

म्हणून स्प्लिंट, पाण्यातील व्यायाम आणि शस्त्रक्रिया वगळून थेट वादाकडे. केवळ थेरपिस्टने हालवलेले शरीर स्वतः फारसे शिकत नाही, असे अलीकडचे संशोधन सांगते. बोबाथ पद्धतीच्या जुन्या, निष्क्रिय रूपाची त्यात कडक तपासणी झाली आहे. खुद्द बोबाथ दांपत्यानेही मुलाला ठरावीक स्थितीत धरून ठेवण्यावरचा सुरुवातीचा भर पुढे सोडला. सभागृहात या पद्धतीचा आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम केलेली मंडळी असतील. त्यांची फी वाया गेली असा याचा अर्थ नाही. (हशा) हात हवाच, पण मुलाची हालचाल सुरू होईपर्यंत. एका बाजूने अधू असलेल्या मुलाचा चांगला हात रोज काही तास बांधून दुबळ्या हाताला कामाला लावतात. तेथे थेरपिस्ट नुसता खेळणे पुढे सरकवतो.

हात लावायला विद्यार्थी लवकर शिकतो; काढायला वर्षे लागतात. मूल स्टुलावर बसलेले, थेरपिस्टचे तळवे कमरेला. पकड सैल होते, तळवे इंचभर दूर जातात, पण तेथेच राहतात. मूल डावीकडे कलते. अनुभवी हात घाई करत नाही. मूल आपला डावा हात स्टुलावर टेकवते का, हे आधी पाहतो. टेकवला तर तळवे आणखी इंचभर मागे. नाही टेकवला तर पुन्हा कमरेला, आणि पुन्हा पहिल्यापासून.