एपिसोड: निवृत्तीच्या दिवशी केलेली सही

धामापूरहून बोलतोय. तळ्याच्या बांधाकडे रेंज बरी मिळते, म्हणून रेकॉर्डिंग इथेच. मागे पक्ष्यांचा आवाज आला तर सांभाळून घ्या.

आमच्याकडे पोरगा जरा हुशार दिसला की शेजारचे आजोबा विचारतात, "काय रे झिला, कलेक्टर कधी होतलस?" मी दोनदा प्रिलिम दिली, दोन्हीदा गळालो, आणि आता कोड लिहितो. पण एक प्रश्न डोक्यात राहिला. कलेक्टर झाल्यावर पुढे काय? हा माणूस जातो कुठपर्यंत?

ब्रिटनकडे आजही फॉकलंड, सेंट हेलेनासारखे दूरचे प्रदेश आहेत. तिथे गव्हर्नर म्हणून बऱ्याचदा मुरलेला सरकारी अधिकारी जातो. लोकांनी निवडलेला नाही, तरी हातात खरे अधिकार. आपल्याकडे असं कोणी झालं का? शोधताना मला सापडले राम प्रधान.

जन्म 1928 चा. 1952 मध्ये ते आयएएसमध्ये आले, केडर मुंबई. 1962 च्या चीन युद्धात आपला पराभव झाला आणि यशवंतराव चव्हाणांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला बोलावलं गेलं. प्रधान त्यांचे खासगी सचिव झाले. चिनी सैन्य ज्या तवांग, बोमडिलापर्यंत आलं होतं, तो भाग तेव्हा नेफा म्हणून ओळखला जायचा. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नंतर ते महाराष्ट्राचे मुख्य सचिव झाले आणि 1985 मध्ये केंद्रीय गृहसचिव. पुढच्या दीड वर्षात तीन करार झाले: पंजाब, आसाम आणि मिझोराम. पंजाबात शांतता यायला पुढे बरीच वर्षं गेली, म्हणजे प्रत्येक करार यशस्वी झाला असं नाही. पण मिझोरामचा टिकला. तिथे 1966 पासून, म्हणजे वीस वर्षं, सशस्त्र बंड चालू होतं. 30 जून 1986 ला लालडेंगा यांच्यासोबत करारावर केंद्रातर्फे सही केली ती प्रधानांनी. आणि तोच त्यांच्या नोकरीचा शेवटचा दिवस! आपण शेवटच्या दिवशी लॅपटॉप परत करतो आणि केक कापतो.

20 फेब्रुवारी 1987 ला मिझोराम आणि अरुणाचल एकाच दिवशी राज्यं झाली. आपला शेजारी गोवा त्याच वर्षी 30 मे ला. अरुणाचल म्हणजे तोच जुना नेफा. मार्च 1987 मध्ये प्रधान तिथे राज्यपाल म्हणून गेले. पंचवीस वर्षांपूर्वी मंत्र्यांच्या फायलींमध्ये पाहिलेला मुलूख आता त्यांच्याकडे आला. सुमदोरोंग चू खोऱ्यात भारत-चीन सैन्य समोरासमोर होतं. अरुणाचलला राज्य केलं म्हणून चीनने निषेधही केला होता.

तिथलं राज्यपालपद शोभेचं नव्हतं. घटनेच्या कलम 371-एच नुसार अरुणाचलच्या राज्यपालांवर कायदा-सुव्यवस्थेची खास जबाबदारी आहे. त्या बाबतीत ते मंत्रिमंडळाचा सल्ला घेतात, पण शेवटचा निर्णय त्यांचा. फॉकलंडची तुलना मी केली ती म्हणूनच.

आता अवघड भाग. ज्या सरकारचा सचिव, त्याच सरकारने वर्षभरात राज्यपाल केलं. हे बक्षीस नाही का? मला वाटतं, हा प्रश्न विचारलाच पाहिजे, आजही. लोकांनी न निवडलेल्या माणसाकडे शेवटचा निर्णय असेल, तर तो कोणाचा माणूस आहे हे महत्त्वाचं ठरतं. पण सीमेवर तणाव असताना फाईल आणि मुलूख दोन्ही ओळखणारा माणूस पाठवणं, यातही तर्क आहे. माझ्यासाठी या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

1990 मध्ये ते पद संपलं. पण 26/11 नंतर पोलिसांच्या प्रतिसादाची चौकशी करायला महाराष्ट्र सरकारने ज्यांना बोलावलं, ते पुन्हा प्रधानच. वय ऐंशी. सोबत व्ही. बालचंद्रन. जुलै 2020 मध्ये प्रधान गेले. आपण सगळे लॉकडाऊनमध्ये होतो, बातमी कधी आली नि गेली कळलंच नाही.

तर आजोबा, कलेक्टर मी काही होत नाही आता. पण या बांधावर बसून जो कोणी पोरगा किंवा पोरगी अभ्यास करतेय, त्यांना एवढंच सांगेन: लाल दिव्यासाठी जाऊ नका. मिझोरामच्या त्या कागदावरची सही बघा.

तुम्हाला काय वाटतं, निवृत्त अधिकाऱ्याला राज्यपाल करावं की नको? व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. येतंय!